दिव्यांग मुलाच्या घरासाठी मदतीची माणसं कशी जोडायची: कामांच्या यादीपासून पहिल्या मोकळ्या तासापर्यंत

"काही लागलं तर सांग गं, लाजू नकोस" हे वाक्य दिव्यांग मुलाच्या प्रत्येक आईबापाने ऐकलेलं असतं आणि बहुतेक वेळा त्याचं पुढे काहीच होत नाही. बोलणारा खोटं बोलत नसतो, त्याला मदत करायची असते पण नेमकं काय करायचं ते कळत नाही, मुलाला हात लावायची भीती वाटते, आणि आपल्यात समजावून सांगायचं त्राण उरलेलं नसतं. मग एक दिवस अगदी गळ्याशी येतं, आपण घाईघाईत कोणाला तरी बोलावतो, मूल त्यांच्या हवाली करून चार तास बाहेर जातो, मूल रडून रडून बेजार, ते माणूस घाबरलेलं, आणि दोन्हीकडचं मत एकच होतं की हे काही जमणार नाही.

पालकांच्या ग्रुपवर हेच परत परत वाचते म्हणून नीट बसून लिहितेय. माझ्या मते गडबड बहुतेक वेळा क्रमात असते. आधी कामं लिहायची, मग माणसं शोधायची, मग मुलाचं पान तयार करायचं, मग विचारायचं, मग शिकवायचं, आणि सगळ्यात शेवटी मूल सोडून बाहेर जायचं. आपण नेमके शेवटच्या पायरीपासून सुरू करतो.

सावध: तुम्हाला स्वतःला किंवा मुलाला इजा करावी असे विचार येत असतील, किंवा "आम्ही दोघं नसलेलंच बरं" असं वाटत असेल, तर खालचं सगळं नंतर. आज, आत्ता, एका माणसाला फोन करून घरी बोलवा आणि डॉक्टरकडे जा. इतक्या थकव्यात असे विचार येऊ शकतात, त्याला उपचार आहेत, आणि ते सांगितल्याने तुम्ही वाईट पालक ठरत नाही.

## १. एक आठवडा फक्त लिहा, कोणाला काही विचारू नका

मोबाइलच्या नोट्समध्ये किंवा वहीत, दिवसभरात मुलासाठी आणि घरासाठी जे जे करता ते वेळेसकट लिहा. फक्त भरवणं-आंघोळ नाही, तर थेरपीच्या बाहेर बसून राहणं, रात्री कूस बदलायला उठणं, अपॉइंटमेंटसाठी फोन लावत बसणं, ओले कपडे बदलून पुन्हा धुणं, आणि धाकट्याचा अभ्यास जो आज पण राहून गेला, तोही. छोटी कामं लिहायचा कंटाळा येतो पण वेळ तीच खातात.

आठवडा संपला की प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक शब्द लिहा.

"मीच": जे खरंच फक्त पालकच करू शकतात. औषधाचा डोस ठरवताना डॉक्टरशी बोलणं, ऑपरेशनचा निर्णय, शाळेच्या मीटिंगमध्ये सही.

"शिकवून": दुसऱ्याला जमेल पण दाखवावं लागेल. भरवणं, व्हीलचेअरमधून बेडवर घेणं, घरी करायचे व्यायाम, कम्युनिकेशन बोर्ड (बोलता न येणारं मूल बोट किंवा नजर दाखवून सांगतं तो चित्रांचा-शब्दांचा फळा) वापरून गप्पा मारणं.

"कोणीही": मुलाला हातसुद्धा न लावता होणारी कामं. औषधं आणणं, फॉर्मच्या झेरॉक्स, नंबर लावायला रांगेत उभं राहणं, भावंडाला क्लासला सोडणं.

इथे ठरलेली चूक म्हणजे सगळ्यापुढे "मीच" लिहिणं. आया जास्त करतात हे. त्यावर तपासणी सोपी आहे, उद्या मी तापाने फणफणले तर हे काम पडून राहील का कोणी तरी कसंबसं करेल? कसंबसं का होईना होणार असेल तर ते "मीच" मध्ये बसत नाही, खोडा आणि "शिकवून" लिहा.

आणि सुरुवात नेहमी "कोणीही" यादीपासून करायची. बऱ्याच जणींना वाटतं की ही काय मदत झाली, मला तर मुलापासून दोन तास सुट्टी हवी आहे. पण शेजारच्या काकांनी महिनाभर औषधं आणून दिली की त्यांचं घरात येणं-जाणं होतं, मुलाला त्यांचा आवाज ओळखीचा होतो, त्यांची भीती जाते. पुढच्या पायरीला लागणारी माणसं यातूनच मिळतात.

## २. माणसांचा नकाशा काढा

कोऱ्या कागदावर मध्ये एक गोल, त्यात तुमचं घर. आजूबाजूला लहान गोल, प्रत्येकात एक माणूस किंवा एक जागा. ज्यांच्याशी घट्ट आहे त्यांच्यापर्यंत जाड रेघ, जेमतेम आहे तिथे तुटक रेघ, जिथे गेल्यावर ताणच येतो तिथे नागमोडी. मग बाण काढा, मदत तिकडून इकडे येते का इकडून तिकडे जाते. याला इकोमॅप म्हणतात, अॅन हार्टमन या समाजकार्याच्या अभ्यासक बाईंनी १९७५ च्या सुमाराला ही पद्धत आणली आणि समाजसेवक अजून वापरतात. कागदावर आलं की काही गोष्टी डोळ्यांत भरतात, जसं की एका नातेवाइकाकडे सगळे बाण आपल्याकडूनच चाललेत.

नावं सुचत नसतील तर नुसते नातेवाईक आठवत बसू नका. फॅमिली सपोर्ट स्केल नावाची एक प्रश्नावली आहे, डन्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अशाच कुटुंबांसाठी केलेली, त्यात आधाराच्या १८ जागा विचारल्यात. जोडीदार, दोन्हीकडचे आईवडील आणि नातेवाईक, मित्रमंडळी, आपली मोठी मुलं हे तर आहेच, पण शिवाय ऑफिसमधले लोक, इतर पालक, पालकांचे गट, प्रार्थनास्थळातली माणसं, फॅमिली डॉक्टर, शाळा किंवा पाळणाघर, थेरपिस्ट, सामाजिक संस्था हेही आहेत. आपण यातल्या अर्ध्या जागांचा विचारच केलेला नसतो.

आता प्रत्येक नावापुढे लिहा की या माणसाकडून कोणत्या प्रकारचा आधार मिळू शकतो. ढोबळ चार प्रकार आहेत: मन मोकळं करायला, माहिती द्यायला, प्रत्यक्ष हातभार लावायला, आणि "तू बरोबर करतेयस किंवा इथे जरा बघ" असं प्रामाणिकपणे सांगायला. एकाच माणसात चारही शोधू नका, निम्मी नाराजी तिथूनच सुरू होते. मोठ्या जाऊबाई ऐकून घेण्यात कच्च्या असतील, लगेच उपदेश सुरू करत असतील, पण दर शनिवारी धाकट्याला घेऊन जायला एका पायावर तयार असतील, तर त्यांच्याकडे रडायला जाऊ नका, धाकट्याला पाठवा.

तपासणी: घराबाहेरची निदान दोन नावं आली का? आली नाहीत तर खचून जाऊ नका, बरीच घरं इथूनच सुरू करतात. अशा वेळी टप्पा ७ आधी करा, आणि मुलाच्या शाळेत, थेरपी सेंटरमध्ये, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात सरळ विचारा की तात्पुरती देखभाल, म्हणजे रेस्पाइट केअर, कुठे मिळते.

## ३. मुलाचं एक पान

हा टप्पा लोक गाळतात आणि मग सगळं तोंडी सांगतात. तोंडी सांगितलेलं दाराबाहेर पडेपर्यंत विसरलं जातं. पान एकच, मोठ्या अक्षरात, पाठपोट चालेल. वीस पानांची मेडिकल फाइल वेगळी ठेवा, ती डॉक्टरांसाठी आहे, मावशीसाठी नाही.

पानाची सुरुवात आजाराच्या नावाने करू नका. आधी मुलाला काय आवडतं, कशाने हसतं, मग ते कसं बोलतं. "सेरेब्रल पाल्सी" वाचून समोरच्याला काहीही कळत नाही, उलट भीती वाटते. त्याऐवजी असं लिहा, मुलाच्याच तोंडून लिहिलं तर अजून चांगलं:

"मी शब्दांत बोलत नाही पण सगळं समजतं. माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलू नका, माझ्याशी बोला. हो म्हणायला मी वर बघतो, नाही म्हणायला डोळे घट्ट मिटतो. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजा, मला उत्तर द्यायला वेळ लागतो. डावा हात तोंडाजवळ नेऊन चावायला लागलो तर मला दुखतंय, बहुतेक पोटात. मिक्सरचा आवाज सुरू करायच्या आधी सांगा."

इतकं बारीक पाहिजे. "कधी कधी चिडतो" हे उपयोगाचं नाही. कशाने चिडतो, चिडायच्या आधी काय दिसतं, तेव्हा काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे चार मुद्दे लिहा. तुम्हाला हे इतकं सवयीचं झालेलं असतं की सुचणार नाही, म्हणून दोन दिवस मुलाकडे बघत बघत लिहा, आणि जमलं तर मुलालाच विचारा. बोलणारं, खुणा करणारं, चित्र दाखवणारं मूल असेल तर "कोणी काय केलेलं तुला आवडत नाही" हे त्याच्याकडूनच यायला हवं.

मागच्या बाजूला सुरक्षेचं. औषधाचं नाव, किती, कधी, कशाबरोबर. गोळी चुरायची का अख्खी द्यायची हे नक्की लिहा, कारण काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात आणि त्या चुरून दिल्या तर सगळं औषध एकदम अंगात जातं. अॅलर्जी. डॉक्टरांचा आणि तुमचा नंबर, अँब्युलन्सचा नंबर, आणि घराचा पूर्ण पत्ता, घाबरलेल्या माणसाला आपण कुठे उभे आहोत ते सांगता येत नाही.

मुलाच्या अवस्थेप्रमाणे एखादी ओळ अशी असते जी बाहेरच्याला कधीच सुचणार नाही, ती लाल पेनाने लिहा. स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळणं) असलेल्या मुलांमध्ये लॅटेक्सची, म्हणजे फुग्यांत-हातमोज्यांत असणाऱ्या रबराची, अॅलर्जी बरीच आढळते, म्हणजे कोणी प्रेमाने फुगे घेऊन आलं तरी त्रास होऊ शकतो. डोक्यात शंट (मेंदूत साठणारं जास्तीचं पाणी काढून देणारी नळी) असेल तर वाढती डोकेदुखी, उलट्या आणि गुंगी याला "पित्त झालं असेल" म्हणून सोडायचं नाही. डाउन सिंड्रोम असेल तर मानेचे सांधे सैल असू शकतात, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कोलांटउड्या आणि मानेला झटके नकोत. ऑटिझम असून मूल घराबाहेर निघून जाण्याची सवय असेल तर "हरवला तर आधी पाण्याच्या जागा बघा, मग बाकी सगळं" हे मोठ्या अक्षरात, कारण अशा मुलांच्या बाबतीत बुडण्याचा धोका सगळ्यात मोठा असतो.

सावध: हे पान फक्त मूल सांभाळणाऱ्या माणसाला द्यायचं. सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. मुलाच्या आजाराची, शी-शूची माहिती ही त्याची खाजगी गोष्ट आहे, मोठं झाल्यावर त्याला काय वाटेल हा विचार आत्ताच करायचा.

तपासणी: ज्याने मुलाला कधी पाहिलं नाही अशा एकाला पान वाचायला द्या आणि विचारा, त्याला तहान लागली हे तुला कसं कळेल? उत्तर पानावरून देता आलं तर पान तयार.

## ४. विचारायचं कसं

मदत मागताना आपण दोन टोकं गाठतो. एक तर "तुला वेळ असेल तर, तसं काही घाईचं नाही, जमलं तर बघ", म्हणजे समोरच्याला वाटतं फारसं गरजेचं नाही. किंवा साठलेलं सगळं एकदम बाहेर येतं, "इतकी वर्षं कोणी ढुंकून बघितलं नाही", आणि तो माणूस अपराधी वाटून लांब पळतो.

मागणीत चार गोष्टी पाहिजेत: काम कोणतं, कधी, किती वेळ, आणि कधीपर्यंत. शेवटची गोष्ट सगळे विसरतात. "दर मंगळवारी" म्हटलं की समोरच्याला जन्मभराची बांधिलकी दिसते, "पुढचे चार मंगळवार, मग बघू" म्हटलं की हो म्हणायला सोपं जातं. आणि नाही म्हणायची वाट मोकळी ठेवा. मेसेज असा:

"मावशी, एक काम होतं. पुढचे चार मंगळवार संध्याकाळी ५ ते ६ धाकटीला क्लासला सोडून परत आणशील का? तेव्हा दादाची फिजिओ असते आणि मला निघता येत नाही. नाही जमलं तरी मोकळेपणाने सांग, मी दुसऱ्या कोणाला विचारते."

फोनपेक्षा मेसेज बरा, समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो. नाही आलं तर कारण विचारू नका, यादीतलं पुढचं नाव घ्या. एकाच माणसाला लागोपाठ तीन कामं सांगू नका, तो हो हो म्हणेल आणि महिन्याभरात फोन उचलायचा बंद करेल.

पैसे देऊन बाई किंवा अटेंडंट ठेवणार असाल तरी हेच. काम लिहून द्या, काय करायचं नाही तेही लिहा, आधीच्या दोन घरांशी स्वतः फोनवर बोला, आणि पगारी माणूस आला म्हणून पुढचा टप्पा गाळू नका.

## ५. शिकवणं: बघ, दोघं करू, तू कर

शिकवायचं काम एका वेळी एकच. आज भरवणं तर आज फक्त भरवणं.

पहिल्या खेपेला ते माणूस नुसतं बसून बघेल आणि तुम्ही करताना मोठ्याने बोलत राहाल, "आता मी थांबले कारण तिने अजून गिळलं नाहीये". दुसऱ्या खेपेला दोघं मिळून. तिसऱ्या खेपेला ते करतील आणि तुम्ही बघाल, आणि इथे तोंड बंद ठेवणं अवघड जातं पण ठेवा, धोका असेल तरच बोला, चमचा तुमच्यासारखा धरला नाही म्हणून हातातून काढून घेऊ नका. असं केलं की माणूस परत येत नाही, आणि मुलालाही कळतं की आईचा या माणसावर भरवसा नाही.

किती खेपा लागतील ते मूल आणि काम बघून ठरवा. काही गोष्टी मात्र पक्क्या झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

भरवणं. मूल सरळ बसलेलं, डोकं मागे पडलेलं नाही तर किंचित पुढे. भरवणाऱ्याने मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचं, उभं राहून वरून भरवलं की मूल मान वर करतं आणि घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. चमचा छोटा, पहिला घास गिळल्याचं दिसल्याशिवाय दुसरा नाही. खोकला, आवाज ओलसर घरघरता होणं, डोळ्यांतून पाणी, चेहऱ्याचा रंग बदलणं यातलं काही दिसलं की थांबायचं. खाऊन झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. घास मऊ किती आणि पाणी पातळ का घट्ट करून, हे तुमच्या थेरपिस्टने सांगितलंय तेच, त्यात कोणाचीही हौस नको.

फिट. मुलाला फिट येत असतील तर हे तोंडपाठ पाहिजे: घड्याळ बघा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, कुशीवर वळवा. तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, एक संपून शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, श्वास नीट येत नसला किंवा फिट पाण्यात आली, तर लगेच अँब्युलन्स. डॉक्टरांनी इमर्जन्सी स्प्रे किंवा औषध दिलं असेल तर ते कुठे आहे आणि कोणत्या मिनिटाला द्यायचं ते पानावर लिहा. कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं असलं अजूनही लोक करायला जातात, म्हणून "हे करायचं नाही" असं स्पष्ट सांगा, मनात आलेलं विचारायला लोक लाजतात.

उचलणं. हात धरून ओढून किंवा काखेत बोटं घालून उचलायचं नाही, मुलाचा खांदा निखळू शकतो. आधी मुलाला सांगा, मग व्हीलचेअरचे ब्रेक लावा, गुडघे वाकवा, मूल अंगाशी घ्या, कमरेतून पिळ देऊन वळू नका. मूल जड झालं असेल तर एकट्याने उचलायचंच नाही, फिजिओथेरपिस्टला ट्रान्सफर बोर्ड (खुर्चीतून बेडवर सरकवायची फळी) किंवा होइस्ट (उचलायचं यंत्र) याबद्दल विचारा.

तपासणी: शिकणाऱ्याला म्हणा, आता तुम्ही मला शिकवा. त्यांनी सांगताना जे गाळलं ते अजून कच्चं आहे.

## ६. पहिल्यांदा बाहेर जाणं

सुरुवात घरातच. तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लोटलेलं. मग खाली फाटकापर्यंत वीस मिनिटं. मग एक तास. मुलाला न सांगता गुपचूप सटकू नका, हे सगळ्यात जास्त घडतं आणि सगळ्यात जास्त महागात पडतं, कारण पुढच्या वेळी ते माणूस घरात आलं की मूल तुम्हाला सोडतच नाही. चित्र दाखवून, घड्याळ दाखवून, त्याच्या पद्धतीने सांगा की आई जाणार आणि आई येणार, आणि सांगितलेल्या वेळेला परत या, मुलाला छान झोप लागली असली तरी.

रडणं होईल थोडं. किती वेळ रडलं तर फोन करायचा हे आधी ठरवा, म्हणजे ते माणूस दर दोन मिनिटांनी फोन करणार नाही आणि तुम्हीही करणार नाही. मिळालेल्या पहिल्या तासात घरकाम उरकू नका, एवढी विनंती आहे. झोपा, चाला, कोणाशी तरी बोला.

सावध, आणि हे जरा थांबून वाचा: जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला एक आढावा २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्यात दिव्यांग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट आणि लैंगिक हिंसेची २.९ पट दिसली. करणारा बरेचदा ओळखीतलाच असतो. म्हणून आंघोळ, शी-शू, कपडे बदलणं यासाठी पालकांशिवाय ठरवलेली एक-दोनच माणसं, बाकी कोणी नाही, नातं कितीही जवळचं असो. अधूनमधून ठरल्या वेळेआधी परत या आणि तसं येणार हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, चांगल्या माणसाला त्याचं वाईट वाटत नाही. मुलाच्या कम्युनिकेशन बोर्डवर शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं, "नको", "थांब", "दुखतंय", "मला आवडलं नाही" ही चित्रं आहेत का ते आजच बघा, बऱ्याच बोर्डांवर खाण्यापिण्याची आणि खेळण्यांची चित्रं असतात आणि हे नसतं. आणि एखाद्या माणसाला बघून मूल अचानक आक्रसायला लागलं, झोप उडाली, झालेली सवय मोडून पुन्हा ओलं करायला लागलं, तर "लाडावलंय" म्हणून उडवून लावू नका.

## ७. दुसरे पालक शोधणं

आपल्याच वाटेवर चार पावलं पुढे असलेला पालक जे सांगतो ते डॉक्टरही सांगू शकत नाही, कुठला बूट टिकतो, शाळेत कोणाशी बोलायचं, मासिक पाळी सुरू झाल्यावर काय करायचं. पण शोधताना नुसतं निदानाचं नाव जुळवू नका. एकाच निदानाची दोन मुलं अगदी वेगळी असू शकतात. दिवस कसा जातो ते जुळवा: मूल चालतं का, बोलतं का, रात्री झोपतं का. आणि मूल तुमच्या मुलापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठं असलेलं बरं.

सुरुवातीला मोठ्या ग्रुपपेक्षा एकच पालक बरा, पंधरा दिवसांतून एक फोन. शेकडो लोकांच्या ग्रुपवर रात्री बारा वाजता दुसऱ्यांच्या मुलांची प्रगती वाचत बसलं की मन अजून खाली जातं, तसं होत असेल तर ग्रुप म्यूट करून फक्त प्रश्न असेल तेव्हाच उघडा.

दोन गोष्टींवर मात्र ग्रुपचं ऐकायचं नाही. फिटचं औषध कमी किंवा बंद करणं, हे एकदम केलं तर जिवावर बेतू शकतं. आणि "पूर्ण बरं करणारी" कुठलीही ट्रीटमेंट, विशेषतः जी विकणारा स्वतःच ग्रुपमध्ये आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठी एक प्रशिक्षण कार्यक्रम आहे, २ ते ९ वर्षांच्या, विकासात मागे असलेल्या मुलांच्या पालकांसाठी, नऊ गटसत्रं आणि तीन गृहभेटी असतात, आणि तो चालवायला तज्ज्ञच लागतात असं नाही, प्रशिक्षण घेतलेले सामान्य कार्यकर्तेही चालवतात. तुमच्या भागात असं काही चालतं का ते थेरपी सेंटरमध्ये विचारा. त्यातून शिकायला मिळतंच, आणि नऊ वेळा तीच माणसं भेटल्यामुळे ओळखी घट्ट होतात.

## ८. घरातल्या माणसांचं काय

जोडीदारामध्ये कामं "मदत" म्हणून वाटू नका, अख्खी वाटा. औषधं त्याच्याकडे तर संपत आलीत हे बघणंही त्याच्याकडेच. "सांगितलं की करतो" यात सांगायचं काम तुमच्याच डोक्यावर राहतं.

आजी-आजोबा बरेचदा स्वतःच दुःखात असतात, नातवाचं आणि आपल्या लेकराचंही, म्हणून कधी नाकारतात, कधी नवस-उपाय सुचवतात. त्यांच्याशी निदानावरून वाद घालत बसू नका, पान हातात द्या आणि एक छोटं काम द्या जे मुलाबरोबर बसून होतं, गोष्ट सांगणं, तेल लावणं. एकदा थेरपीला बरोबर न्या, तिथे डोळ्यांनी बघितलं की घरातलं बरंच बोलणं आपोआप कमी होतं.

भावंडांचं नाव कामाच्या यादीत शेवटी, आणि त्यांना नाही म्हणता येईल असंच काम. रात्रीचं, शी-शूचं, औषधाचं त्यांच्यावर टाकायचं नाही. मोठेपणी भावाला तूच सांभाळायचंस असं दहा वर्षांच्या मुलीला कोणी पाहुणा म्हणाला तर तिथल्या तिथे थांबवा.

## ९. तुम्हीच हॉस्पिटलमध्ये गेलात तर

हा विचार नकोसा वाटतो म्हणून राहून जातो. दोन माणसं ठरवा, पहिली पोचू शकली नाही तर दुसरी, आणि दोघांनाही स्पष्ट विचारून होकार घ्या, मनात गृहीत धरू नका. दोघांनाही टप्पा ५ शिकवलेला पाहिजे आणि दोघांनी निदान एक रात्र तुमच्या घरी, तुम्ही असताना, काढलेली पाहिजे. दाराजवळ एक बॅग: तीन दिवसांची औषधं, पान, मेडिकल फाइलच्या झेरॉक्स, डायपर, मुलाला शांत करणारी वस्तू, कम्युनिकेशन बोर्डची जास्तीची कॉपी, चार्जर. औषधांच्या एक्स्पायरीवर लक्ष ठेवा. तुमच्या गैरहजेरीत उपचाराला संमती कोणी द्यायची यासाठी तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणे काय कागद लागतो ते वकिलाला किंवा हॉस्पिटलच्या समाजसेवकाला विचारून करून ठेवा, नुसत्या नात्यावर हॉस्पिटल सही घेईलच असं नाही.

## १०. दर तीन महिन्यांनी

नकाशा परत काढा. कोणाची रेघ बारीक झाली, कोण दमलंय, कोणाची बदली झाली. माणसं गळतात, त्यात आपला दोष काढत बसायचं नाही, पण कोणी गळायच्या आत एक नवीन माणूस शिकत असेल असं बघा. जे येतात त्यांना तीन महिन्यांतून एकदा विचारा की काम बदलून हवं का, कमी करायचं का. आणि आभार नेमके माना, "तू सोमवारी आलीस म्हणून मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले" असे.

मुलाचं पानही तेव्हाच तपासा. औषध बदललं, वजन वाढलं, नवीन खूण शिकलं की पान जुनं झालं. वर कोपऱ्यात तारीख टाका, सगळ्यांकडच्या जुन्या कॉपी परत घेऊन फाडा, नाहीतर कोणी तरी मागच्या वर्षीचा डोस देईल.